मुलांच्या बाबतीत ‘फितूर’ हा शब्द वापरू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर तळाला एक छोटी बातमी होती. ‘पीडिता फितूर, पोक्सो गुन्ह्यातील आरोपी निर्दोष’. जेमतेम सहा ओळी. मुलीचं नाव छापलं नव्हतं, एवढी काळजी आपल्या वार्ताहराने घेतली. पण गावाचं नाव होतं, ती आता सातवीत असल्याचं होतं, आईवडील ऊसतोडीला जातात हे होतं आणि आरोपी शेजारीच राहतो हेही होतं. दीड हजार वस्तीच्या गावात एवढ्यावरून ती मुलगी कोण हे कुणाला कळणार नाही? पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३ ने मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजारपाजार, म्हणजे ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई केली आहे. ही एक तक्रार झाली. पण मला रात्रभर झोप लागली नाही ती मथळ्यातल्या पहिल्या दोन शब्दांमुळे. पीडिता फितूर. बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि फितूर!

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत तेहतीस वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग घेतले. निवृत्तीनंतर गेली पाच वर्षं पोक्सोच्या खटल्यांत मुलांची ‘सहाय्यक व्यक्ती’ म्हणून काम करते. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल. गुन्हा नोंदवला की पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं आणि समितीने त्या मुलाला एक माणूस द्यायचा असतो. हा माणूस जबाबापासून निकालापर्यंत मुलाबरोबर राहतो. दवाखान्यात जातो, तारखा सांगतो, कोर्टात शेजारी बसतो, शाळा सुटू नये म्हणून मुख्याध्यापकांना भेटतो आणि दर महिन्याला समितीला अहवाल देतो. वकील नव्हे, पोलीस नव्हे, समुपदेशकही नव्हे. मुलं मला ‘बाई’ म्हणतात, आणि माझं काम त्या एका हाकेत येतं.

मी सोबत केलेली मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून या पत्राखाली माझं नाव आणि जिल्हा छापू नये, ही विनंती. पुढे लिहिलेल्या प्रसंगांत दोन-तीन मुलांचे अनुभव मिसळले आहेत आणि खुणा बदलल्या आहेत. जे घडलं ते मात्र तसंच घडलं आहे.

नऊ वर्षांची एक मुलगी. आमच्याकडे दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळ्या ट्रॅक्टरमधून कारखान्यांकडे निघतात. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे शाळेची मुलं मागे ठेवतात, बाकीची कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जातात. ही मुलगी आजीजवळ राहिली. हंगाम अर्ध्यावर असताना ती दळण घेऊन गिरणीला जायला नको म्हणू लागली. आजीने तिला मारलं. ती म्हातारी मला पुढे कितीदा तरी म्हणाली, “बाई, पोरगी दळणाला जाईना म्हून म्या तिला दोन रट्टे दिले. मला काय ठावं.” कोर्टात शिक्षा झाली तरी त्या दोन रट्ट्यांचं आजीच्या मनातून जाणार नाही.

माणूस भावकीतला होता. गिरणीच्या वाटेवर त्याचं घर. मुलगी बोलली ती अंगणवाडीच्या सेविकेजवळ, तेही कोडं घातल्यासारखं. त्या सेविकेने कलम १९ कधी वाचलेलं नव्हतं. संशय आला तरी कळवणं हे प्रत्येक माणसाचं कर्तव्य आहे, न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आपल्या मनाने फोन केला. आईवडील तीनशे किलोमीटरवर फडात. आजी आणि मुलगी पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत बसून राहिल्या. ठाण्याचं नाव लिहीत नाही. त्याच ठाण्यातली एक तरुण महिला उपनिरीक्षक दुसऱ्या दिवशी सलवार-कमीज घालून घरी आली, ओट्यावर बसली, आधी शेळीच्या करडाबद्दल बोलली आणि मग जबाब घेतला. कलम २४ सांगतं ते हेच: मुलाच्या घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय. काल व्हरांड्यात थिजलेली मुलगी त्या ओट्यावर बोलली.

आता त्या जबाबाचं पुढे काय झालं ते सांगते. वकील आणि पोलीस सोडले तर हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मुलगी बोलली तिच्या बोलीत. हात, पाय, लुगडं, फडकं, गिरणी, कुत्रं, अंधार, असे तिचे शब्द. कागदावर मात्र आलं: “सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.” ही भाषा वाईट हेतूने येत नाही. वर्षानुवर्षं तेच लिहून हाताला वळण पडलेलं असतं. पण कायद्याने इथे फार नेमकं सांगितलं आहे. कलम २६ म्हणतं, मूल जसं बोलेल तसा जबाब लिहा. हे वाक्य कायद्यात का घातलं, ते मला कोर्टात कळलं. दोन वर्षं आठ महिन्यांनी उलटतपासणीत तिला विचारलं गेलं, “तू पोलिसांना ‘सदर इसम’ असं सांगितलं होतंस का?” मुलगी म्हणाली, “नाही.” खरंच बोलली की! तिने हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. पण जबाबाशी विसंगती म्हणून त्या ‘नाही’ची नोंद व्हायची वेळ आली होती. अशी चार ‘नाही’ जमली की मूल खोटं ठरतं.

त्या दिवशी मी शेजारी होते. मुलाच्या साक्षीच्या वेळी त्याच्या विश्वासातलं माणूस कोर्टात बसू शकतं. मी काही बोलू शकत नाही, मी फक्त असते. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली नाही, हसलेही नाही. मला तसं करता येत नाही. पण आदल्या दिवशी मी तिला सांगून ठेवलं होतं की प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणायचं, त्याने कुणी रागवत नाही. ती म्हणाली, “सदर म्हंजी काय?” न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. वकिलांना थांबवून त्यांनी स्वतः विचारलं, “पोलीस मॅडमना तू काय सांगितलं होतंस, ते तुझ्या बोलण्यात सांग.” पोक्सोच्या खटल्यात वकिलाचा प्रश्न न्यायाधीशांमार्फतच मुलाला विचारायचा असतो, कलम ३३. मुलीने सांगितलं. करडापासून सुरुवात केली.

हे कोर्टापर्यंत पोचायलाच किती फेऱ्या झाल्या! कायदा म्हणतो, कोर्टाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षात खटला संपावा. आमच्या समन्सला ऐन हंगामात मुहूर्त लागला. एव्हाना आजी अंथरुणाला खिळली होती आणि मुलगी आईवडिलांबरोबर कोपीवर गेली होती. बेलिफ बंद घर पाहून ‘कुटुंब परगावी’ असा शेरा मारून परतला. पुढची तारीख मी ई-कोर्टवर पाहिली आणि वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “बाई, खाडा पडतोय.” नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो एक दिवस बंद राहिला की मुकादम पैसे कापतो, आणि दोघं आले तर कोयताच बंद. शिवाय मुकादम आरोपीचा मावसभाऊ. त्याने उघड धमकी दिलीच नाही. एवढंच म्हणाला, “केस चालवायची तर चालवा, पण उचल फेडून चालवा.” उचल होती पंचाहत्तर हजार. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात हे वाक्य सापडणार?

नियमांत याचीही वाट आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती विशेष मदत सुचवू शकते. ती आठवड्यात मिळावी असं २०२० च्या नियमांत लिहिलं आहे. मी अर्ज केला. मदत आली, आठवड्यात नाही, पण साक्षीच्या आधी आली. रात्रीच्या एसटीने मी स्वतः जाऊन मुलीला आणि आईला घेऊन आले. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी कामकाज संपल्यावर शिरस्तेदारांना विनवून रिकामं कोर्ट दाखवलं. मुलीने एकच प्रश्न विचारला, “तो कुठं बसंल?” मी जागा दाखवली. मग पडदा दाखवला. दवाखान्यात असतो तसा चाकांचा हिरवा पडदा. ती पडद्यामागे जाऊन उभी राहिली, मला त्याच्या जागी उभं केलं आणि तिथून विचारलं, “दिसते का मी?” नाही दिसली. मग ती जेवली.

दुसऱ्या दिवशी तिची साक्ष झाली. आरोपीला शिक्षा झाली.

त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात दुसरी एक मुलगी होती. चौदा-पंधरा वर्षांची. आईबरोबर बाकड्यावर बसलेली. तिच्या डाव्या हाताला आरोपीची आई, उजव्या हाताला आरोपीची बहीण. एकाच भावकीतल्या बायका, एकाच जीपमधून आलेल्या. आरोपीच्या आईने डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी मुलीच्या हातावर ठेवली. मुलीने ती धरून ठेवली, खाल्ली नाही. पुकारा झाला, ती आत गेली, दहा मिनिटांत बाहेर आली. सरकारी वकील चिडलेले होते. त्यांना तरी काय बोलणार, हातात दिवसाला डझनभर फायली. मी तिच्या आईला हळूच विचारलं, तुम्हाला सहाय्यक व्यक्ती दिली नव्हती का? ती म्हणाली, “ती कोण असती?”

संपादक महोदय, तुम्ही छापलेल्या बातमीतली मुलगी मी कधी पाहिली नाही. पण ‘फितूर’ हा शब्द वाचला आणि मला ती न खाल्लेली अर्धी भाकरी दिसली. ज्याने लाच घेऊन साक्ष फिरवली त्या मोठ्या माणसासाठी हा शब्द आहे. इतिहासात गडाचे दरवाजे उघडून देणाऱ्यांसाठी आहे. मूल साक्ष बदलतं तेव्हा ते एकटं असतं आणि त्याच्या भोवती आरोपीचं सगळं घर असतं.

मुलाला एकटं पाडायचं नाही, हा विचार आपल्या देशात सहज आलेला नाही. प्रशिक्षणाच्या वेळी हा इतिहास आम्हाला सांगितला गेला आणि तो आपल्या वाचकांनाही माहीत असावा असं मला वाटतं. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स नावाच्या माणसाला अटक झाली. तो निराधार मुलांचं वसतिगृह चालवायचा. आत काय चाललं होतं ते सापडलेल्या छायाचित्रांतून बाहेर आलं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. शीला बर्से यांच्यासारख्या पत्रकार-कार्यकर्तीने पाठपुरावा केला नसता तर हे प्रकरण तिथवर पोचलं असतं का, मला शंका आहे. पुढे गोव्याने २००३ मध्ये आपला स्वतंत्र बालक कायदा केला आणि मुलांसाठी वेगळं न्यायालय दिलं. मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहाचं प्रकरण २००१ मध्ये उघड झालं. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रारीच्या वेळी शाळेच्या वयाची असलेली मुलं शेवटच्या निकालापर्यंत तरुण झाली. तेव्हा मुलग्यांवरच्या अत्याचाराला नीट नाव देणारं कलमही नव्हतं. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लावायचे.

दिल्लीच्या ‘साक्षी’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये निकाल दिला. बलात्काराची व्याख्या रुंद करा ही त्यांची मुख्य मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. पण मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा ठेवा, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांच्या हाती लेखी द्या आणि मुलाला मध्ये विश्रांती द्या, असं बजावलं. आमच्या कोर्टातला तो हिरवा चाकांचा पडदा तिथून आला आहे. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मग १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो कायदा अमलात आला.

२००४ हे साल मला दुसऱ्या कारणाने आठवतं. त्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. ती मधल्या सुट्टीनंतर वर्गात यायची नाही, पाण्याच्या टाकीमागे बसून राहायची. एक दिवस तिने मला शाळेतल्याच एका मोठ्या माणसाबद्दल अर्धं वाक्य सांगितलं. मी ते अर्धं वाक्य वरिष्ठांकडे नेलं. ते म्हणाले, “बाई, लहान पोरी काहीही बोलतात. गावात राहायचंय आपल्याला.” मी गप्प बसले. पुरावा नव्हता, कायदा माहीत नव्हता आणि मला गावात राहायचं होतं. मुलगी पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलीच नाही. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं. तिकडे दिल्लीत पडद्याचा निकाल झाला त्याच उन्हाळ्यानंतर माझ्या शाळेत हे घडत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी हे काम का करते असं मला विचारतात तेव्हा मी ‘सामाजिक कार्याची आवड’ असं सांगत नाही. ते अर्धं वाक्य पुरं ऐकायचं राहिलं म्हणून करते.

आज त्याच शाळेत तसंच अर्धं वाक्य कुणी ऐकलं आणि दाबलं, तर ऐकणाराही आरोपी होईल. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्यांच्या प्रकरणात गुन्हा नोंदवायला पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. पुढे शाळेच्या जबाबदार माणसांवर न कळवल्याचा गुन्हाही दाखल झाला. रुळांवर उतरलेल्या लोकांचा राग मला समजतो, मीही त्या दिवशी टीव्हीसमोरून उठले नाही. पण मागणी एकच ऐकू येत होती: फाशी द्या. फाशी तर २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलीच आहे. किमान शिक्षाही दहा आणि वीस वर्षांपर्यंत वाढल्या. माझा अनुभव असा की आरोपी काका, मामा किंवा शेजारचा दादा असला आणि शिक्षा जबर असली की घरातली माणसं मुलाचं तोंड आणखी घट्ट दाबतात. “त्याची लेकरं उघड्यावर पडतील,” असं नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या सख्ख्या आत्याने माझ्यासमोर सांगितलं आहे. शिक्षा कमी करा असं मी म्हणत नाही. त्या मुलीजवळ त्या क्षणी कुणीतरी हवं, एवढंच म्हणते.

न्यायालयांनी अनेकदा वाट सरळ केली आहे. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सोतला लैंगिक हल्ला धरला नाही, तेव्हा देशाच्या महान्यायवादींनी, महिला आयोगाने आणि आपल्या राज्य सरकारनेही दाद मागितली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, हेतू पाहा म्हणून सांगितलं. राजस्थानातल्या एका शिक्षकाने मुलीच्या घरच्यांशी ‘समेट’ केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा गुन्हा समेटाने मिटत नाही असं स्पष्ट केलं. भावकीच्या बैठकीत मी हा निकाल तोंडपाठ सांगते. आणि माझ्या कामाबद्दल १८ ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे. बाल कल्याण समितीने सबळ कारण लेखी नोंदवलं नसेल तर प्रत्येक मुलाला सहाय्यक व्यक्ती देणं बंधनकारक आहे, ती पालकांच्या मर्जीवर सोडू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. याहून स्पष्ट काय लिहायचं राहिलं?

तरीही व्हरांड्यातली आई मला विचारते, ती कोण असती?

आमच्या जिल्ह्यात यादीवर नावं आहेत. त्यातली दोन माणसं नोकरीसाठी पुण्याला गेली, एकीचं लग्न झालं, एकाला आपलं नाव यादीत आहे हेच माहीत नव्हतं. प्रत्यक्ष काम करणाऱ्या आम्ही तिघी. नियमाप्रमाणे आम्हाला कुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या हिशोबाने मोबदला मिळायला हवा. मला एका वर्षाचे पैसे चौदा महिन्यांनी मिळाले. माझं निवृत्तिवेतन आहे, मी निभावून नेलं. पण माझ्याबरोबरची समाजकार्य शिकलेली पंचविशीची मुलगी एसटीचं तिकीट काढायला आईकडे पैसे मागते. ती किती दिवस टिकेल? एवढं मन लावून काम करणारी मुलगी गेली तर ती सोबत करते त्या सहा मुलांचं काय करायचं?

म्हणून माझं मागणं मोठं नाही. गुन्हा नोंदवला त्याच दिवशी फिर्यादीच्या प्रतीबरोबर सहाय्यक व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर घरच्यांच्या हातात पडावा. निवृत्त शिक्षिका, निवृत्त परिचारिका गावोगाव आहेत. पदवी आणि मुलांच्या शिक्षणाचा किंवा संरक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव नियमांत चालतो, त्यांना बोलवा, शिकवा आणि वेळेवर पैसे द्या. ऊसतोडीच्या तालुक्यांत मुलांच्या साक्षी हंगाम सुरू होण्याआधी घ्या, किंवा कारखान्याच्या जिल्ह्यातल्या कोर्टातून व्हिडिओवर घ्या. कायद्याने त्याला मुभा आहे. जबाब मुलाच्या बोलीत लिहून घ्यायची सवय पोलिसांना एका दिवसाच्या प्रशिक्षणाने लागणार नाही हे मला कळतं, पण सुरुवात ‘सदर इसम’ खोडण्यापासून करता येईल. आणि बंजारा तांड्यावरच्या मुलांसाठी त्यांची गोरमाटी बोली जाणणारा दुभाषी मागितला तर ‘मराठी येतं की तिला’ असं उत्तर देऊ नका. बाजारहाटापुरतं मराठी येणं वेगळं. हे असलं सांगायला आपलीच भाषा लागते.

मुलग्यांबद्दलही एक लिहायचं आहे. पाच वर्षांत माझ्याकडे फक्त दोन मुलगे आले. एकाचे वडील म्हणाले, “पोरगा हाय, त्याला काय होतंय?” तो अकरा वर्षांचा मुलगा वसतिगृहातून आल्यापासून दार उघडं ठेवल्याशिवाय झोपत नव्हता. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबरही करत नाही. शाळेच्या भिंतीवर तो नंबर रंगवतात तिथे नेहमी मुलीचंच चित्र असतं. शेजारी एका मुलाचंही काढा.

शेवटी आपल्या वर्तमानपत्राकडे दोन विनंत्या. पुन्हा कधी अशा निकालाची बातमी द्याल तेव्हा मुलाच्या साक्षीला ‘फितूर’ म्हणू नका. ‘साक्ष टिकली नाही’ असं लिहा. आणि जमलं तर वार्ताहराला एक प्रश्न विचारायला सांगा: या मुलाला सहाय्यक व्यक्ती दिली होती का, आणि कधी? उत्तर ‘नाही’ असेल तर तेही छापा, मथळ्यात छापा.

दुसरी विनंती तातडीची आहे. गेल्या आठवड्याची ती बातमी आपल्या ई-आवृत्तीत आज सकाळपर्यंत तशीच दिसते आहे. तिच्यातून गावाचं नाव, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय काढून टाका. शाळा सोमवारी उघडते आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)